हेडलॅम्पचे मूल्यमापन : बटण, संवेदक आणि बॅटरीचा खर्च

प्रस्तावना

हेडलॅम्प म्हणजे कपाळावर पट्ट्याने बांधायचा विजेचा दिवा. दोन्ही हात मोकळे राहतात आणि मान वळेल तिकडे उजेड जातो, हे त्याचे दोन मुख्य फायदे. ट्रेकला जाणारे तो वापरतातच. पण त्याची खरी परीक्षा महाराष्ट्रात रात्री पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याकडे होते. कृषिपंपांना तीन फेजची वीज आलटूनपालटून मिळते : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दारे धरायला मध्यरात्री शेतात जावे लागते. एका हातात फावडे, पायाखाली ओला बांध. बांधावर मण्यार किंवा घोणस असू शकते आणि जुन्नरसारख्या भागात उसात बिबट्या. दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आणली. तरी जिथे रात्रीची पाळी आहे, तिथे कपाळावरचा दिवाही आहे.

मी शिकवतो त्या पंचकुला परिसरात परिस्थिती वेगळी आहे. शहराच्या मागे शिवालिकच्या टेकड्या आहेत. मोरनीच्या डोंगरांतले करोह हे हरियाणातले सर्वांत उंच शिखर (१,४६७ मीटर) याच जिल्ह्यात येते. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, आणि डिसेंबर-जानेवारीत सपाटीवर दाट धुके उतरते. म्हणजे एकीकडे चिखल, ऊस आणि आठ तासांची पाळी. दुसरीकडे थंडी, हातमोजे आणि धुके. एकच हेडलॅम्प या दोन्ही ठिकाणी सारखाच चांगला ठरेल का? या पाठात आपण हे ठरवण्याची पद्धत पाहू. ओहमचा नियम, शक्ती आणि ऊर्जा एवढे माहीत असले की पुरे.

शब्दांबद्दल एक खुलासा. गावाकडे विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणतात. या पाठात दिव्याला दिवा किंवा हेडलॅम्प म्हटले आहे आणि बॅटरी म्हणजे त्याच्या आतला विद्युतघट.

१. आधी गरज लिहा

मूल्यमापनाची सुरुवात दुकानात होत नाही, ती कागदावर होते. कोळसा खाणीचे उदाहरण घ्या. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या भूमिगत खाणीत उतरणाऱ्या कामगाराच्या टोपीवर दिवा असतो. खाण अधिनियम, १९५२ लागू होता तेव्हा त्यानुसार जमिनीखालच्या कामगाराकडून दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नव्हते. म्हणून त्या दिव्याची पहिली अट आपोआप ठरते : पाळी संपेपर्यंत तो कामापुरता उजेड देत राहिला पाहिजे. ‘जास्तीत जास्त प्रखर’ ही अट नव्हे. खाणीत वाटेवर दिवा गेला तर दुसरा उजेड नसतो.

आपणही तीन वाक्ये लिहावीत :

- किती उजेड, किती तास? (उदा. बांधावर चालण्यासाठी ६० लुमेन, आठ तास.)
- हात कसे असतील? (ओले, चिखलाचे, हातमोज्यातले.)
- दिवा अचानक गेला तर काय होईल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जितके गंभीर, तितक्या पुढच्या कसोट्या कडक.

२. खोक्यावरचे आकडे काय सांगतात

अनेक उत्पादक २००९ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या एफएल१ या मानकाप्रमाणे आकडे छापतात. त्यातले तीन आकडे समजून घेऊ.

*प्रकाशउत्पादन (लुमेन).* दिवा सुरू केल्यानंतर ३० ते १२० सेकंदांच्या दरम्यान मोजलेला एकूण प्रकाश. पाच मिनिटांनंतर तो किती उरतो, हे या आकड्यात नाही.

*झोताचे अंतर (मीटर).* ज्या अंतरावर प्रदीपन ०.२५ लक्स उरते, ते अंतर. स्वच्छ रात्री पौर्णिमेच्या चांदण्यात साधारण इतका उजेड असतो. प्रदीपन = तीव्रता ÷ अंतराचा वर्ग. म्हणून झोताचे अंतर = २ × √(कँडेलामधील तीव्रता). २,५०० कँडेलाच्या दिव्याचे अंतर २ × ५० = १०० मीटर येते. पण १०० मीटरवर चांदण्याइतकाच उजेड आहे. तिथे पायवाटेवरचा दगड दिसेल असे मानू नये.

*चालण्याचा कालावधी (तास).* सुरुवातीच्या उजेडाच्या १० टक्के उजेड उरेपर्यंतचा वेळ. इथेच सर्वाधिक फसगत होते. ‘३०० लुमेन, २० तास’ असे लिहिले असेल, तर विसाव्या तासाला ३० लुमेन उरले आहेत. मधल्या काळात काय झाले, ते खोके सांगत नाही.

३. लुमेन-तासांचा हिशेब

मधल्या काळात काय झाले असेल याचा अंदाज बॅटरीच्या ऊर्जेवरून काढता येतो. १८६५० आकाराचा एक लिथियम-आयन घट घेऊ : ३,००० मिलीअँपिअर-तास, ३.६ व्होल्ट.

ऊर्जा = ३ × ३.६ = १०.८ वॅट-तास.

एलईडी, तिचा चालक परिपथ आणि भिंग मिळून दर वॅटला १०० लुमेन मिळतात असे धरू. मग या घटातून एकूण १०.८ × १०० = १,०८० लुमेन-तास मिळतील.

आता खोक्यावरचा दावा तपासा. ३०० लुमेन खरोखर २० तास मिळायचे, तर ६,००० लुमेन-तास लागतील. त्यासाठी दर वॅटला सुमारे ५५५ लुमेन हवेत. बाजारातला कोणताही पांढरा एलईडी दिवा याच्या जवळपासही पोहोचत नाही. आपल्या घटातून २० तासांत सरासरी १,०८० ÷ २० = ५४ लुमेनच मिळू शकतात. दोन्ही आकडे खरे असू शकतात. फक्त ते एकाच वेळचे नाहीत. ३०० लुमेन सुरुवातीचे आहेत आणि २० तास शेवटचे.

हा गुणाकार-भागाकार दुकानात उभ्या-उभ्या करता येतो. घटाची क्षमता छापलेली नसेल, तर हा हिशेब होत नाही. तेही दिव्याविरुद्ध जाते.

उजेड कसा उतरतो, हे चालक परिपथावर ठरते. साध्या दिव्यात एलईडीला नुसता रोध जोडलेला असतो. घटाचे व्होल्टेज उतरेल तसा विद्युतप्रवाह कमी होतो आणि दिवा हळूहळू मंदावतो. नियंत्रित दिव्यात परिपथ प्रवाह स्थिर ठेवतो. उजेड बराच वेळ सारखा राहतो आणि शेवटी एकदम खाली येतो. शिवाय एलईडी तापू लागली की अनेक दिवे स्वतःच उजेड एक पायरी उतरवतात. नियंत्रित दिवा कामाला बरा, पण त्याने संपण्यापूर्वी इशारा दिला पाहिजे. इशाऱ्याशिवाय अचानक विझणाऱ्या दिव्यापेक्षा मंदावत जाणारा साधा दिवा अधिक प्रामाणिक.

४. बटण : अवस्था आणि संक्रमणे

हेडलॅम्पचे नियंत्रण हे एक सान्त अवस्था यंत्र आहे. प्रखर, मध्यम, मंद, लुकलुक, बंद या अवस्था. एक दाब, दीर्घ दाब ही संक्रमणे. वहीत वर्तुळे आणि बाण काढून प्रत्येक दिव्याची आकृती तयार करा. आकृती काढली की दोष दिसतात.

समजा एकच बटण आहे आणि क्रम असा : प्रखर → मध्यम → मंद → लुकलुक → बंद → प्रखर. शेतकरी मंद उजेडात चालला आहे. पाचोळ्यात काहीतरी सळसळले आणि त्याला प्रखर उजेड हवा आहे. त्याला तीन दाब द्यावे लागतात, आणि वाटेत लुकलुक व पूर्ण अंधार या दोन्ही अवस्था येतात. नेमक्या त्या क्षणी दिवा विझतो. हा दोष लुमेन वाढवून जात नाही.

चाचणी अशी करा. डोळ्यांवर पट्टी आणि हातात जाड मोजे घालून सहाध्यायाला चार कामे सांगा : (अ) बंदवरून मंद, (आ) मंदवरून प्रखर, (इ) लाल उजेड असल्यास तो सुरू करणे, (ई) बटणाला कुलूप लावणे आणि काढणे. दुसऱ्याने पाहून नोंद करायची. प्रत्येक काम दहा वेळा. तीन गोष्टी लिहा : लागलेले दाब, चुकलेले प्रयत्न, आणि वाटेत अंधार आला का. बटणाला कुलूप नसेल, तर दिवा पिशवीत आपोआप सुरू होऊ शकतो आणि गरजेच्या वेळी घट रिकामा सापडतो.

लाल उजेडाचे कारण जाता जाता. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांतील दंडपेशी लाल प्रकाशाला फारशा संवेदनशील नसतात. त्यामुळे मंद लाल उजेडात नकाशा पाहून झाल्यावर डोळ्यांचा अंधाराचा सराव टिकून राहतो. मात्र लाल उजेडाकडे जायला आधी प्रखर पांढऱ्यातून जावे लागत असेल, तर हा फायदा उरत नाही.

५. संवेदक : मदत आणि घोटाळा

*हात हलवून चालणारा दिवा.* दिव्याच्या तोंडाशी एक अवरक्त एलईडी आणि एक ग्राहक असतो. अवरक्त प्रकाश हातावरून परतून ग्राहकाला मिळाला की दिवा चालू किंवा बंद होतो. चिखलाच्या हातांनी बटण दाबावे लागत नाही, ही मोठी सोय. पण संवेदकाला हात आणि उसाचे पान यांतला फरक कळत नाही. काही सेंटिमीटरवरून पान गेले, कपाळावरचा घाम पुसला, टोपीची कड खाली आली, की तोच परावर्तित संकेत मिळतो. उसात बारे देताना दिवा आपोआप विझणे ही लहानसहान गैरसोय नाही.

चाचणी : दिवा लावून अर्धा तास झुडपांतून किंवा लोंबत्या कापडी पट्ट्यांमधून चाला, आणि दिवा आपल्या इच्छेशिवाय किती वेळा बदलला ते मोजा. संवेदक पूर्ण बंद करता येतो का, हेही पाहा. येत नसेल तर अशा कामासाठी तो दिवा बाद.

*आपोआप उजेड बदलणारा दिवा.* पेट्झल या फ्रेंच कंपनीचे ‘रिअॅक्टिव्ह लायटिंग’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. प्रकाशसंवेदक समोरून परतणारा प्रकाश मोजतो. जवळचा नकाशा पाहताना परावर्तन जास्त, म्हणून दिवा मंद. दूर पाहताना परावर्तन कमी, म्हणून प्रखर. ही ऋण प्रतिपोषणाची सोपी नियंत्रण प्रणाली आहे. प्रतिसाद फार जलद ठेवला तर उजेड थरथरतो, फार सावकाश ठेवला तर मान वळवल्यावर क्षणभर दिसत नाही.

धुक्यात ही प्रणाली फसते. धुक्यातले जलबिंदू प्रकाश मागे फेकतात. संवेदकाला वाटते समोर जवळच काहीतरी पांढरे आहे, आणि वाट दिसेनाशी झालेली असताना दिवा मंदावतो. समोरून येणाऱ्याचा दिवा किंवा चमकणारी सूचनापाटीही त्याला असेच फसवू शकते. म्हणून संवेदक बंद करून हाताने उजेड ठरवण्याची सोय असलीच पाहिजे.

धुक्यात हाताने उजेड वाढवूनही फारसा उपयोग होत नाही. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या रेषेत असल्यामुळे मागे फिरलेला प्रकाश थेट डोळ्यांत येतो. गाडीचे धुके-दिवे खाली बसवतात त्याचे हे एक कारण. धुक्यात हेडलॅम्प काढून कमरेजवळ धरावा, मंद ठेवावा आणि जमिनीकडे वळवावा. दृश्यमानता ५० मीटरपेक्षा कमी असेल तर भारतीय हवामानशास्त्र विभाग त्याला ‘अति दाट धुके’ म्हणतो. त्या स्थितीत खोक्यावरच्या १०० मीटर झोताला अर्थ उरत नाही.

*घटाचा दर्शक.* तीन-चार ठिपक्यांचा दर्शक बहुधा घटाचे व्होल्टेज मोजतो. लिथियम-आयन घट पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट असतो, पण त्यानंतरचा बराच काळ ३.८ ते ३.६ व्होल्टच्या आसपास जातो. इतक्या सपाट वक्रावरून ‘किती उरले’ हे नेमके सांगणे अवघड. शिवाय प्रखर उजेडात अंतर्गत रोधामुळे व्होल्टेज खाली दिसते, आणि थंडीत हा रोध वाढतो. प्रखर उजेडात एकच ठिपका दाखवणारा दिवा मंद केल्यावर दोन ठिपके दाखवू शकतो.

६. बंद दिव्याचा खर्च

हाताच्या इशाऱ्याची वाट पाहणारा संवेदक दिवा बंद असतानाही जागा राहिला, तर तो वीज खातो. उदाहरणासाठी असे धरू की दर ५० मिलिसेकंदांनी ०.५ मिलिसेकंदाचा, २० मिलीअँपिअरचा स्पंद जातो.

कार्यचक्र = ०.५ ÷ ५० = १ टक्का. सरासरी प्रवाह = ०.२ मिलीअँपिअर.

आकडा किरकोळ वाटतो. आता जून ते सप्टेंबर पाऊस असल्याने पाणी द्यावे लागले नाही आणि दिवा खुंटीला राहिला, असे समजा. १२० दिवस × २४ तास × ०.२ = ५७६ मिलीअँपिअर-तास. घट १,२०० मिलीअँपिअर-तासांचा असेल, तर ४८ टक्के ऊर्जा दिवा न लावताच संपली. रब्बीच्या पहिल्या रात्री तो अर्ध्यावरच सोडेल. संवेदकाची सोय आणि बॅटरीचा खर्च या दोन वेगळ्या बाबी नाहीत, हे इथे दिसते.

घट काढता येत असेल तर काढून ठेवावा. प्लास्टिकच्या पातळ पट्टीच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पत्री चिकटवून ती घट आणि टोक यांच्यामध्ये सरकवा आणि मल्टिमीटर जोडा. दिवा बंद ठेवूनच सूक्ष्म प्रवाहाची श्रेणी निवडा. त्या श्रेणीत चुकून दिवा लावला तर मीटरचा फ्यूज जाईल. चालू दिव्याचा प्रवाह मोजायला १० अँपिअरची श्रेणी किंवा ०.१ ओहमचा रोध वापरा, म्हणजे मीटरमुळे दिवा मंदावणार नाही. घट सीलबंद असेल, तर पूर्ण भरून महिनाभर ठेवा आणि पुन्हा भरताना लागलेली ऊर्जा यूएसबी मीटरने मोजा. भरतानाची थोडी हानी त्यात धरली जाईल.

७. प्रयोग : उजेडाचा वक्र

अंधाऱ्या खोलीत दिवा पांढऱ्या छताकडे रोखून ठेवा. बाजूला लक्समापक किंवा मोबाइलचा प्रकाशसंवेदक असा ठेवा की दिव्याचा थेट झोत त्यावर पडणार नाही. पुढे दोघांनाही हलवू नका. ३० सेकंदांचे वाचन म्हणजे १०० टक्के. पहिला तास दर पाच मिनिटांनी, नंतर दर १५ मिनिटांनी नोंद घ्या. दिव्यात डोळे घालू नका, आणि लिथियम घट तापत असताना खोली सोडून जाऊ नका.

खालचे आकडे गणितासाठी घेतलेले आहेत. दिवा ३०० लुमेनचा, घट १०.८ वॅट-तासांचा.

| वेळ (तास) | उजेड (टक्के) |
|---|---|
| ० | १०० |
| ०.५ | ६० |
| ३ | ५० |
| ४ | ३० |
| ६ | १० |

समलंब नियमाने क्षेत्रफळ : ४० + १३७.५ + ४० + ४० = २५७.५ टक्के-तास, म्हणजे २.५७५ × ३०० ≈ ७७३ लुमेन-तास. भागिले १०.८ केले की दर वॅटला सुमारे ७२ लुमेन. खोक्यावर हा दिवा ‘३०० लुमेन, ६ तास’ असेल. प्रत्यक्षात निम्मा उजेड तीन तासच टिकला, आणि आपल्याला लागणारे ६० लुमेन (२० टक्के) सुमारे पाच तास मिळाले. आठ तासांच्या पाळीला हा दिवा प्रखर अवस्थेत पुरणार नाही. मध्यम अवस्थेत तीच चाचणी पुन्हा घ्यावी.

८. निर्णय

विद्यार्थी बहुधा प्रत्येक गुणधर्माला दहापैकी गुण देतात आणि बेरीज करतात. सुरक्षिततेशी संबंधित वस्तूला ही पद्धत अपुरी पडते. झोताला दहा आणि वजनाला नऊ मिळाले, म्हणून उसात आपोआप विझणारा दिवा पास होऊ शकत नाही. आधी चाळणी लावा :

१. आवश्यक उजेड आवश्यक तास मिळतो का?
२. उजेड बदलताना मध्ये अंधार येतो का?
३. संवेदक पूर्ण बंद करता येतो का?
४. संपण्यापूर्वी दिवा इशारा देतो का?

यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आले, तर त्या कामासाठी दिवा बाद. जे उरतील त्यांचीच वजन, किंमत, पाण्यापासून संरक्षण यांवर तुलना करा. आणि चाळणीतून पार झालेला दिवा घेतला, तरी खिशात एक लहान दुसरा दिवा ठेवावा. घट बदलायलासुद्धा उजेड लागतो.

स्वाध्याय

१. तीन निकेल-मेटल हायड्राइड घट (प्रत्येकी १.२ व्होल्ट, ८०० मिलीअँपिअर-तास) आणि दर वॅटला ९० लुमेन. आठ तासांत सरासरी किती लुमेन मिळतील? (उत्तर : सुमारे ३२.)

२. १,६०० कँडेलाच्या दिव्याचे झोताचे अंतर काढा. २० मीटरवर किती लक्स मिळतील? (उत्तर : ८० मीटर, ४ लक्स.)

३. तुमच्याकडच्या कोणत्याही विजेरीची अवस्था-आकृती काढा. मंदवरून प्रखर होताना ‘बंद’ टाळता येईल असा पर्यायी क्रम सुचवा.

४. तुमच्या गावात रात्री हेडलॅम्प वापरणाऱ्या एका व्यक्तीशी बोला. भाग १ मधली तीन वाक्ये तिच्याच शब्दांत लिहा आणि त्यावरून चाळणीचे प्रश्न नव्याने ठरवा.